डोह जवळ होता

बाई, तुम्ही गेल्याला आता पाच वर्षं होतील. मी आले नव्हते. त्या दिवशी साक्रीला मीटिंग होती असं मी घरी सांगितलं, आणि मीटिंग खरंच होती, पण ती अकराला संपली. बाराच्या आत मी तुमच्या दारात पोहोचू शकले असते. ड्रायव्हरनं विचारलंही, "मॅडम, पिंपळनेरकडे घ्यायची का गाडी?" त्याला कुणीतरी सांगितलं असावं. मी म्हणाले, नको, धुळ्याला चल. रस्ताभर मी खिडकीची काच वर करून फोनवर मेल वाचत होते. एकही मेल महत्त्वाचा नव्हता.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही, म्हणून सगळं लिहायला हरकत नसावी. पण सगळं लिहायचं म्हटलं की हात आधी शाळेकडे वळतो, कारण तिथली मी मला जरा बरी वाटते. शाळेमागे हापशाच्या बाजूला तुम्ही आमच्याकडून मातीचा ढीग करून घ्यायचात. शेतातली काळी माती, नाल्यातली वाळू, थोडा मुरूम. त्यातून तुम्ही हातानं सातपुडा उभा करायचात, तापीची खचलेली पट्टी करायचात आणि आम्हाला विचारायचात, बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, ही बाई पश्चिमेला का निघाली? कोपरापर्यंत हात चिखलात, लुगड्याचा ओचा खोचलेला, आणि आम्ही सातवीच्या पोरी लोटे घेऊन उभ्या. तुम्ही बोटानं नदीला वळण देताय, वळण वाढवत नेताय, मग एका जागी मान कापून नदी सरळ करताय, आणि मागे राहिलेल्या नालासारख्या तुकड्यात पाणी तसंच थांबलंय. "हे नालाकृती सरोवर. नदी निघून गेली, हे राहिलं." लोणार करायचं म्हणून स्टुलावर चढून ओल्या चिखलात दगड सोडलात, तर चिखल उडून हेडमास्तरांच्या धोतरावर. बाजाराच्या दिवशी गोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून तो मातीत पुरलात आणि आम्हाला तासभर दुसरं काही शिकवत बसलात. मग बर्फ वितळून खळगा पडला, खळग्यात पाणी, आणि तुम्ही म्हणालात, थंड देशांत हिमनदी मागे हटताना अशी शेकडो तळी मागे ठेवून जाते. समुद्र मात्र तुम्ही कधी केला नाही. "त्याला आपलं अंगण पुरायचं नाही," म्हणालात.

तुमचा एकच प्रश्न असायचा. समुद्र, सरोवर, खाजण, डोह, डबकं, नाव काही असू दे. पाणी खाली जायला निघालेलं असतं, मग इथे ते थांबलं का? कोणी थांबवलं ते शोधा. वाळूनं थांबवलं, की दगडानं, की बर्फानं, की माणसानं. हा प्रश्न मी पुढे कॉलेजात, मुलाखतीत, पन्नास ठिकाणी वापरला आणि प्रत्येक वेळी तो माझाच असल्यासारखा वापरला.

आठवीत तुम्ही आम्हाला गावच्या डोहाबद्दल लिहून आणायला सांगितलंत. शाळेपासून डोह पाच मिनिटांवर. नाला उतारानं येतो, जांभळीच्या झाडाखाली रुंद होतो आणि तिथे पाणी उभं राहतं. ते कुठून येतं, का थांबतं, जाऊन बघा आणि लिहा. मी गेले नाही. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर, आम्ही बदलीनं त्या गावात आलेलो, पायाला चिखल लागलेला आईला चालायचा नाही. मी गाइडमधून उतरवलं: पावसाळ्यात सखल भागात पाणी साचून डबके तयार होते. अक्षर सुरेख, खाली लाल शाईची रेघ. तुम्ही वही वर्गासमोर धरलीत. "पाच मिनिटं चालत जायला काय झालं होतं गं तुला? न बघता लिहिलंस. आणि इतकं छान लिहिलंस की कुणाला वाटावं बघून आली." मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. पण वर्गात पहिला नंबर माझा असायचा, आणि मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. माझ्या तोंडून निघालं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की तुम्ही धुळ्याच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. आजारी आई, धाकटा भाऊ, त्याचं शिक्षण, सगळं तुमच्या एकटीच्या पगारावर. तुम्ही वही मिटलीत आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणालात, "नाही पाहिला. समुद्र लांब आहे. डोह जवळ आहे." मग वही माझ्याकडे देत, "तू पाहशील. पाहिलास की सांगायला ये." त्यात टोमणा नव्हता. मला तो हवा होता म्हणून मी तो ऐकला. कॉलेजच्या सहलीत मी समुद्र पाहिला, तेव्हा तुम्ही त्याच शाळेत होतात. मी सांगायला आले नाही.

पुढे मी जमिनीखालच्या पाण्याचं शिक्षण घेतलं आणि सरकारी नोकरीत लागले. पहिली बरीच वर्षं जळगावला. यावलच्या केळीबागांमधून बोअर मोजत हिंडले. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, डोंगरावरून उतरणारं पाणी तिथे गपकन जमिनीत शिरतं आणि खाली साठतं. त्या साठ्यावर केळी उभी. दरवर्षी तो साठा किती खाली गेला ते मी सांगायचे. बागाईतदार चहा पाजून विचारायचे, ताई, आणखी किती खोल? मी सांगितलेला आकडा बहुतेक बरोबर यायचा. न दिसणारं पाणी हिला दिसतं, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून मला आवडायचं. हे एवढ्यासाठी लिहिते, की पुढे जे झालं ते मला कळत नव्हतं म्हणून झालं असं तुम्हाला वाटू नये.

धुळ्याला बदली झाल्यावर तुमच्या गावची फाइल आली. डोहाच्या जागी आठवडे बाजारासाठी सिमेंटचा ओटा आणि वर पत्र्याची शेड बांधायची होती. गावाला ते हवंही होतं, विकणाऱ्या बाया उन्हातान्हात रस्त्यावर बसत. फक्त आमच्या खात्याचा दाखला हवा होता: पाणी बारमाही की हंगामी? मे महिना, टेबलावर फायलींचा ढीग. जुन्या नकाशावर नाला तुटक रेघेनं दाखवलेला, म्हणजे हंगामी. लहानपणी मी तो डोह पाहिला होता, पण उन्हाळ्यात कधीच नाही. सुट्टी लागली की आम्ही मामाकडे यावलला. तरी मला वाटलं, मला माहीत आहे. मी लिहिलं, सदर पाणी पावसाळ्यात सखल भागात साचते, भूजलाशी संबंध आढळत नाही. लिहिताना मला गाइड आठवलं नाही. ते नंतर आठवलं. खाली स्थळपाहणीचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, "केली."

मग तुम्ही आलात. वैशाखातली दुपार, पिंपळनेरहून एसटीनं, हातात छत्री आणि कापडी पिशवी. शिपायानं तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं आणि मला तासभर सांगितलंच नाही. आत आलात तेव्हा माझ्यासमोर दोन ज्युनियर आणि दुसऱ्या खात्याचे एक साहेब बसले होते. मी उठून उभी राहिले नाही. अर्धवट उठले आणि बसले, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही मला मॅडम म्हणालात.

"मॅडम, ह्या डोहाच्या नोंदी. रिटायर झाल्यापासून दर महिन्याला घेते. ह्या काठीच्या खुणा." वही उघडून तुम्ही माझ्यापुढे सरकवलीत. अकरा वर्षं. चैत्रात एवढं, वैशाखात एवढं, पाऊस लांबला त्या वर्षी एवढं. एकाही ओळीत शून्य नव्हतं. मला पहिल्या पानावरच सगळं कळलं, बाई. पावसाचं साचलेलं पाणी असं वागत नाही. ते उन्हाबरोबर उतरतं आणि संपतं. हे खालून येत होतं.

तुम्ही म्हणालात, "भरायच्या आधी एकदा येऊन बघा, एवढंच सांगायला आले. वरच्या वस्तीची ढोरं उन्हाळ्यात तिथेच येतात." आणि मग अगदी सहज विचारलंत, "तुम्ही पाहणीला कधी आला होतात? मी गावातच असते. भेट झाली असती."

एका ज्युनियरनं माझ्याकडे पाहिलं. गाडी त्या गावाला गेलीच नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की अहवाल परत घेते, उद्या येते. फार तर एक मेमो आला असता. त्याऐवजी मी हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हाला समुद्र न बघता समुद्र शिकवलात. आता डोह तेवढा आमच्यावर सोडा."

ते तिघे हसले. माझ्या शाळेच्या बाई आहेत, असं मी लगेच त्यांना सांगितलं, म्हणजे ते गमतीत निघून जावं. तुम्हीही थोडं हसलात. "बरोबर आहे तुमचं," म्हणालात. वही पिशवीत घातलीत आणि त्याच पिशवीतून ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची चवड काढून टेबलावर ठेवलीत. "घरी केलेले. तुला आवडायचे." एवढ्या वेळात तो एकच "तू". जाताना दार हळू लोटलंत. मी ते बिबडे घरी नेले, तळले. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले. कुणी दिले असं यांनी विचारलं, तर म्हणाले, ऑफिसात कुणीतरी आणले होते.

पुढच्या आठवड्यात मुरुमाचे ट्रॅक्टर लागले, हे मला कागदावरून कळलं. पावसाळ्याआधी ओटा झाला. बाजार भरू लागला. दोन वर्षं फाइल बंद राहिली. मधल्या काळात तुम्ही गेलात, आणि मी काच वर करून धुळ्याला परतले, ते वर लिहिलंच आहे.

त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं पाऊस बरा झाला आणि तक्रार आली. ओट्याच्या फरशीतून पाणी येतं, मिरच्या-कांद्यांची पोती भिजतात, मधली फरशी उचकटली आहे, तपासणी व्हावी. तोवर मी एक पायरी वर चढले होते, कुणालाही पाठवू शकले असते. मी स्वतः गेले. पण बाई, तुमच्यासाठी गेले नाही. दुसरा कुणी गेला असता तर त्यानं जुना अहवाल मागवला असता आणि स्थळपाहणीचा रकाना वाचला असता. म्हणून गेले.

बाजाराचा दिवस नव्हता. शेडखाली एक म्हातारी फरशीच्या फटीतलं पाणी वाटीनं कळशीत भरत बसली होती. वरच्या वस्तीतली. मी तिला विचारलं, इथे पूर्वी काय होतं? तिनं मान वर केली नाही. "डोह व्हता. चैत-वैशाखमा बी आटे नही. बठ्ठा ढोरं आठेच पानी पियेत." मी विचारलं, मग भरला का? "कोन्ही तरी मोठी मॅडम शे म्हनतस धुयाले. तिनी लिखी दिन्हं, हाई पावसानं डबकं शे." मग वाटी निथळत म्हणाली, "शायानी बाई रोज ये. बुजाई गया तरी ये. काठी लईसन उभी ऱ्हाये."

शाळेची बाई म्हणजे तुम्ही; डोह बुजवल्यावरही रोज यायचात. अहिराणी मला येते, तुम्हाला माहीत आहे. मी तिच्याशी शुद्ध मराठीत बोलत राहिले. तिला मी कोण हे कळू नये, एवढीच माझी धडपड.

मग मी ओट्याच्या खालच्या अंगाला उतरले आणि दोन मिनिटांत मला उत्तर दिसलं. नाल्याला आडवी, काळ्या दगडाची दोन हात रुंद भिंत. ती नाल्यापुरती नाही; एका काठानं वर चढून पलीकडच्या टेकडीवर सरळ रेषेत गेलेली. साक्रीच्या बाजूला अशा भिंती जागोजागी आहेत. फार जुन्या काळी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला आणि भेगेतच थिजला. आजूबाजूचा खडक सच्छिद्र, त्यातून पाणी खालच्या खाली उताराला लागतं, आणि ह्या घट्ट भिंतीवर येऊन अडतं. अडलं की वर चढतं. त्याचा तो डोह. आम्ही याला डाइक म्हणतो, आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला हे शिकवतात. पाणी कोणी थांबवलं याचं उत्तर तिथे उघड्यावर उभं होतं. आठवीत गेले असते तर आठवीतही दिसलं असतं.

मी तुमच्या घरी गेले. तुमच्या भावाच्या सुनेनं दार उघडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली तुमचा फोटो, ताजा हार. तिनं मला ओळखलं की नाही कळलं नाही. पाणी दिलं, बसा म्हणाली. मी वहीबद्दल विचारलं. तिनं ती ट्रंकेतून काढून दिली. "आत्या शेवटपर्यंत लिहायच्या. आम्ही म्हणायचो, आता काय मोजता? पण जायच्या." मी मागची पानं उघडली. डोह भरल्यानंतरही नोंदी होत्या, महिन्याला एक. "पाणी दिसत नाही. खाली आहे." पुढच्या महिन्यात तेच. पुढे, "ओट्याच्या कडेला ओल." आणि अगदी शेवटच्या पानावर, अक्षर हललेलं, "मधल्या फरशीला घाम. वर यायला लागलं."

माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. मी सगळी वही चाळली, बाई. मला वाटत होतं कुठेतरी असेल. कुणी माझ्याबद्दल वाईट लिहिलेलं वाचायची मला त्या दुपारी जितकी गरज होती तितकी कधी नव्हती. तुम्ही फक्त पाणी लिहिलं होतंत.

नवा अहवाल मी लिहिला. त्यात तुमचं पूर्ण नाव आहे, पहिल्या पानावर, आणि तुमच्या नोंदी जशाच्या तशा जोडल्या आहेत. पाणी बारमाही आहे, खडकाच्या भिंतीमुळे भूजल वर येतं, भराव काढावा, असं स्पष्ट लिहिलं. पंचायतीनं सगळा ओटा फोडला नाही, तेवढं कुणाला परवडणार नव्हतं. वरच्या अंगाचा एक कोपरा फोडून चौकोनी हौद मोकळा केला. पाणी आलं. ढोरं येतात, बाया कपडे धुतात. याला आता डोह म्हणवत नाही. जांभळीचं झाड तर भरावाच्या वेळीच गेलं. वरच्या वस्तीनं मधली चार वर्षं दीड कोसावरून पाणी वाहिलं, ते मी अहवालात एका ओळीत लिहिलं. आणि जुन्या दाखल्याबद्दल लिहिलं, "तत्कालीन अधिकाऱ्यांच्या निदर्शनास ही बाब आली नसावी." तत्कालीन अधिकारी मीच. खाली सहीही माझीच. दोन्ही सह्या शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत.

गेल्या महिन्यात जळगावला नव्यानं लागलेल्या मुलामुलींचं प्रशिक्षण होतं. पाण्याच्या जागा कशा बनतात यावर मला दोन तास बोलायचं होतं. मी तुमच्यासारखा मातीचा ढीग मागवला, तर हॉल खराब होईल म्हणून तिथले लोक नाही म्हणाले; मग पडद्यावर चित्रं दाखवली. शेवटी मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली: काठी, वही, काळी भिंत, ऑफिसातलं बोलणंसुद्धा. फक्त ‘मी’ म्हणाले नाही. ‘एक अधिकारी’ म्हणाले. मुलं मन लावून ऐकत होती. पहिल्या रांगेतल्या एका मुलीचे डोळे भरून आले होते. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, त्या अधिकाऱ्याचं पुढे काय झालं?"

मी म्हणाले, "बढती मिळाली."

हॉलमध्ये मोठा हशा झाला. त्यात मीही हसले, बाई.